तानपुऱ्यातला गंधार, ट्यूनरवरचा गंधार

जवारी

मोबाइलवर ट्यूनर (स्वर किती चढा-उतरा आहे ते काट्याने दाखवणारं अॅप) लावून रियाज करणाऱ्यांकडून एक तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते. सा लावला, काटा मधोमध. पंचम लावला, काटा मधोमध. शुद्ध गंधार लावला की काटा डावीकडे सरकतो आणि स्वर उतरल्याचं दिसतं. शेजारी बसलेले गुरुजी मात्र त्याच गंधाराला दाद देतात. मग चुकतंय कोण? माझं मत पक्कं आहे: तानपुऱ्यासोबत गाताना गुरुजींचा कान ग्राह्य धरायचा. त्यामागचं गणित अवघड नाही, पण गाणाऱ्यांच्या भाषेत ते मांडलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा.

तार, चामडं किंवा बासरीतली हवा सेकंदाला जितक्या वेळा थरथरते ती तिची कंपनसंख्या, एकक हर्ट्झ. कंपनं वाढली की आवाज चढतो. इथवर शाळेतलं. पण 'गंधार किती हर्ट्झचा?' या प्रश्नाला सा कुठे धरलाय ते सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. पेटीच्या मधल्या सप्तकात काळी एक साधारण २७७ हर्ट्झची आणि पांढरी चार ३४९ हर्ट्झची. काळी एकमध्ये भूप राग वाजवला तर पांढरी चार ही पट्टी गंधार होते. पांढरी चारमध्येच भूप वाजवला तर तीच पट्टी सा होते. कंपनं तितकीच, स्वर वेगळा. राग ओळखू येतो तो सा शी असलेल्या प्रमाणांमुळे: तार षड्ज दुप्पट, पंचम दीडपट, शुद्ध मध्यम चार तृतीयांश पट.

कानाला वजाबाकी कळत नाही, पट कळते. १०० वरून २०० हर्ट्झवर गेलो की एक सप्तक ओलांडलं जातं. १००० वरून तेवढेच १०० चढून ११०० वर आलो, तर सा ते शुद्ध रे एवढंही अंतर भरत नाही. सप्तक ओलांडायला तिथे २००० गाठावे लागतात.

आता गंधार. हिशेबाला सोपं म्हणून मध्य सा २४० हर्ट्झ धरू, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची (खालच्या सा ची) तार १२० हर्ट्झची. ही तार छेडली की ती फक्त १२० ने थरथरत नाही. त्याच वेळी २४०, ३६०, ४८०, ६००, ७२० असे पूर्णांक पटीतले उपस्वरही तिच्यातून निघतात. २४० आणि ४८० हे सा च झाले, ३६० पंचम. आणि ६००? ४८० च्या सव्वापट. तो शुद्ध गंधार, आपण न छेडता तारेने स्वतःहून दिलेला. म्हणूनच त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो एक सप्तक खाली आणला की मध्य सप्तकातला गंधार मिळतो, नेमका ३०० हर्ट्झचा.

ट्यूनर मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. प्रत्येक पुढची पट्टी मागचीच्या १.०५९४६ पट, म्हणजे बारा पायऱ्यांनी बरोबर दुप्पट. या हिशेबात गंधार येतो ३०२.४ वर. अडीच हर्ट्झहूनही कमी फरक, पण तो कानात लपत नाही. सा चा पाचवा उपस्वर १२०० आणि ट्यूनरच्या गंधाराचा चौथा उपस्वर १२०९.५, हे दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा कमी-जास्त होतो. तो खरखरीत थरथराट गंधार ३०० वर आला की थांबतो. गळा अनुभवाने तिथेच जाऊन बसतो, आणि ट्यूनर त्याला उतरलेला ठरवतो.

स्वरवेडी

खूप दिवसांपासूनचा गोंधळ सुटला. पण मग पंचमाला काटा मधोमध कसा राहतो? बारा सारखे भाग केले तर सगळेच स्वर हलायला हवेत ना?

जवारी

हलतातच, पण पंचम अगदी थोडा. २४० च्या सा ला दीडपट म्हणजे ३६०, आणि बारा भागांच्या हिशेबात ३५९.६. आवाजाच्या एका कमी-जास्त डुलण्याला सव्वा सेकंद लागतो. तानपुऱ्याच्या झंकारात ते जाणवणंही कठीण. मध्यमाचंही तसंच, ३२० ऐवजी ३२०.४. खरा फरक गंधार, धैवत आणि निषादात आहे: धैवत ४०० ऐवजी ४०३.६, निषाद ४५० ऐवजी ४५३. कोमल स्वर उलट बाजूला जातात. कोमल गंधार २८८ चा, तो ट्यूनरवर २८५.४. कोमल धैवत ३८४ चा, तो ३८१. म्हणजे पट्टीवरचे शुद्ध स्वर जरा चढे आणि कोमल स्वर जरा जास्तच कोमल.

हा फरक हर्ट्झमध्ये न सांगता सेंटमध्ये सांगितला तर सा बदलला तरी आकडा तोच राहतो. एका सप्तकाचे १२०० सेंट, लगतच्या दोन पट्ट्यांत १००. अलेक्झांडर एलिस यांनी एकोणिसाव्या शतकात हे माप रूढ केलं. ट्यूनरचा गंधार ४०० सेंटवर, स्वयंभू गंधार ३८६ वर. १४ सेंटचा फरक. पंचमाचा फरक फक्त २ सेंट.

पेटीवाला

धाग्याचा विषय उत्तम आहे, पण पेटीची बाजू मांडणं भाग आहे. बारा सारखे भाग हा कुणाचा आळस नाही. ती गणिताने घातलेली अट आहे.

सा पासून पंचम, त्या पंचमाला सा मानून त्याचा पंचम, असं चढत जा. बारा वेळा चढलात की पुन्हा सा वर यायला हवं, सात सप्तकं वर. पण दीडपट बारा वेळा केली तर १२९.७५ पट होते आणि दुप्पट सात वेळा केली तर १२८ पट. वर्तुळ मिटतच नाही, साडेतेवीस सेंट उरतात. कितीही वेळा चढा, तीनाचे घात आणि दोनाचे घात कधीच जुळणार नाहीत. ही उरलेली फट बारा घरांत वाटून टाकली की आजची पेटी आणि पियानो तयार होतात.

आता माझी अडचण बघा. एखादी गायिका काळी चारमध्ये गाते, पुढचा गायक पांढरी दोनमध्ये, आणि पेटी एकच. मी काळी चारला सा धरून गंधार सव्वापटीवर आणला, तर तीच पट्टी दुसऱ्याच्या सप्तकात वेगळ्या स्वराच्या जागी येते आणि तिथे ती बेसूर होते. एकाच पट्टीत गाणाऱ्यासाठी पेटी स्वयंभू प्रमाणांवर लावून घेता येते. आमच्यात त्याला गंधार ट्यूनिंग म्हणतात, आणि अशी पेटी तानपुऱ्याशी इतकी मिळते की नेहमीची पेटी पुन्हा हातात घ्यावीशी वाटत नाही. पण त्या पेटीवर सा हलवायचा नाही.

ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यात हा मुद्दा होता, आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) निघत नाही हाही होता. दुसरा आक्षेप आजही खरा आहे. पहिल्याला उपाय आहे.

मंद्र

पेटीवाले, गंधार ट्यूनिंग करताना धैवत कुठे ठेवता? कारण तिथे दोन उत्तरं निघतात. मध्यमाला सा मानला तर धैवत त्याचा गंधार होतो: ३२० ची सव्वापट, ४००. पंचमाला सा मानला तर धैवत त्याचा रिषभ होतो: ३६० ची नऊ अष्टमांश पट, ४०५. दोन्ही नैसर्गिकच.

पेटीवाला

मी ४०० वर ठेवतो, कारण मध्यमाबरोबर धरला की तो स्थिर वाजतो. पण तुमचा प्रश्न रागाचा आहे, पट्टीचा नाही. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, आणि देसकारातला धैवत चढा लावायचा असं शिकवलं जातं. पेटीवर तो फरक दाखवता येत नाही. तो गळ्याने दाखवायचा.

जवारी

मंद्र यांनी अगदी मर्मावर बोट ठेवलंय. ४०० आणि ४०५ यांचं प्रमाण ८० ला ८१, म्हणजे साडेएकवीस सेंट. हेच अंतर भरताच्या नाट्यशास्त्रात वेगळ्या वाटेने येतं. षड्जग्राम आणि मध्यमग्राम या स्वर लावण्याच्या दोन जुन्या पद्धती, आणि श्रुती म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं लहान एकक. षड्जग्रामात पंचम चार श्रुतींचा, मध्यमग्रामात तीन श्रुतींचा. पंचम एका श्रुतीने उतरवला की होणाऱ्या फरकाला भरत प्रमाणश्रुती म्हणतो.

त्याची रीत मला फार आवडते. दोन सारख्या वीणा सारख्याच लावायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवत जायचं आणि तिचे स्वर पहिलीच्या कोणत्या स्वरांशी येऊन मिळतात ते ऐकायचं. दुसऱ्या टप्प्यात गंधार आणि निषाद हे रिषभ आणि धैवताशी मिळतात, तिसऱ्यात रिषभ-धैवत हे षड्ज-पंचमाशी, चौथ्यात षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गंधार, मध्यमाशी. चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन मिळून बावीस श्रुती. एकही आकडा लांबीचा किंवा कंपनांचा नाही. सगळं मोजमाप कानाने, आणि ते कुणालाही पुन्हा करून पाहता येण्यासारखं. तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा सांगणं पुढे सतराव्या शतकात अहोबलाच्या संगीत पारिजातात येतं.

मंद्र

इथे मात्र मी थोडा आडवा जाणार आहे. बावीस श्रुतींना बावीस ठाम अपूर्णांक चिकटवायचे आणि 'दरबारीचा गंधार म्हणजे अमुक इतके सेंट' असं छापायचं, हे मला पटत नाही. भरताने अपूर्णांक दिलेले नाहीत, ते नंतरच्या अभ्यासकांनी बसवले. आणि प्रत्यक्ष गायन-वादन मोजलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये हिंदुस्थानी कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांतल्या कंपनसंख्या मोजून निबंध लिहिला. एकाच रागातला एकच स्वर वेगवेगळ्या कलाकारांकडे बराच वेगळा लागलेला सापडला. पुढे मार्क लेव्ही यांच्या मोजणीतही स्वरांच्या जागा अशाच पसरलेल्या निघाल्या.

दरबारीचा गंधार तर एका जागी उभाच राहत नाही. तो रिषभाकडे झुकत, आंदोलन घेत येतो. त्याची सरासरी काढून आकडा लिहिता येईल, पण त्या आकड्यावर स्थिर स्वर धरला तर दरबारी होणार नाही.

जवारी

आंदोलित स्वरांबद्दल पूर्ण सहमत. पण मोजणीत पसारा दिसला म्हणून प्रमाणांना अर्थच नाही, इथवर मी येणार नाही. गायक थांबतो कुठे, ते पाहायला हवं. मींडेतून जाताना, तानेत, कणात स्वर कुठेही असू शकतो आणि असावा. पण न्यासाच्या, म्हणजे विसाव्याच्या स्वरावर आवाज लांब धरला, तानपुरा जवळ असला, की उपस्वरांची ओढ लागते. सा, प, शुद्ध म, शुद्ध ग या जागांवर ती ओढ जोरकस आहे, कारण प्रमाणातले आकडे लहान आहेत: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार, चार-पाच. तीव्र मध्यमाला ४५ ला ३२ असं प्रमाण लिहितात. तितक्या वरच्या उपस्वरांची जुळणी कानाला मिळतच नाही, त्यामुळे तिथे गायकाला मोकळीक जास्त. एका मोजणीत सगळ्या स्वरांचा पसारा एकत्र केला तर हा भेद पुसला जातो.

कोमल गंधाराचा आधारही लक्षात घ्या. तो खर्जाच्या तारेतून येत नाही, उलट ती तार शुद्ध गंधारच सांगत असते. त्याला आधार पंचमाचा: २८८ ची सव्वापट ३६०. म्हणजे कोमल गंधाराच्या दृष्टीने पंचम हा त्याचा शुद्ध गंधार. ज्या रागात पंचम वर्ज्य, तिथे हा आधारही जातो. मालकंस गाताना कोमल गंधार मध्यमाकडे पाहून लावावा लागतो आणि म्हणून तो वेगळा भासतो, असं माझं निरीक्षण आहे.

मंद्र

न्यासाच्या आणि वाटेतल्या स्वरांचा भेद मान्य. तो धरला तर आपल्यात फार अंतर उरत नाही. मालकंसाबद्दल अजून ऐकून मगच बोलेन.

ऐकणारा

मी गात नाही, फक्त ऐकतो. एक प्रश्न: ४३२ हर्ट्झवर लावलेलं संगीत निसर्गाशी जुळतं आणि ४४० चं जुळत नाही, असे संदेश सारखे येतात. यात काही तथ्य?

भौतिकी

नाही. ४४० हा पांढरी सहाचा ठरवून घेतलेला आकडा आहे. १८५९ मध्ये फ्रान्सने त्यासाठी ४३५ ठरवला होता, १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ४४० वर एकमत झालं आणि पुढे तोच आंतरराष्ट्रीय मानक झाला. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला कंपनं, आणि सेकंद हे माणसाने आखलेलं माप. सेकंद थोडा मोठा आखला असता तर तोच स्वर वेगळ्या आकड्याचा झाला असता. धाग्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय तसं स्वर प्रमाणात असतात. सगळं गाणं दोन टक्के खाली आणलं तर प्रमाणं जशीच्या तशी राहतात. गळ्याला ते सोयीचं वाटत असेल तर जरूर लावावं, कारण तेवढं पुरेसं आहे.

मला लिहायचंय ते तानपुऱ्याबद्दल. उपस्वर तर सगळ्याच तारांत असतात, मग तानपुऱ्यात ते इतके ठसठशीत का? तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटत नाही, असा नियम पाठ्यपुस्तकात आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांवर लिहिताना दाखवलं की या वाद्यांत तो नियम मोडतो; जे उपस्वर गप्प राहायला हवेत तेही वाजतात. कारण घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी. तिचा माथा सपाट आणि किंचित गोलसर, आणि थरथरताना तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते. दर वेळी तारेतली शक्ती वरच्या उपस्वरांकडे ढकलली जाते. घोडी आणि तारेमध्ये सरकवलेला सुती दोरा ही चाटण्याची जागा ठरवतो. तो केसभर हलवला की जवारी (तारेचा तो झणझणता, उपस्वरांनी भरलेला झंकार) खुलते किंवा मिटते, हे तानपुरा लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

याच रामन यांचं मृदंगावरचं कामही इथे सांगायलाच हवं, कारण कंपनसंख्या आणि स्वर यांच्या नात्याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही. चामडं नुसतं ताणून वाजवलं तर त्याचे उपस्वर १, १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटीत येतात. कानाला त्यातून एक ठाम स्वर सापडत नाही, नुसता ठोका ऐकू येतो. तबल्याच्या किंवा मृदंगाच्या मधोमध शाई चढवली की चामड्याचं वजन मध्याकडे वाढतं, आणि तेच उपस्वर सरकून जवळजवळ पूर्णांक पटींवर येतात. मग ते चामडं तारेसारखं गाऊ लागतं आणि तबला सा ला लावता येतो. रामन यांनी हे १९२० पासून मांडलं. ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या शाईचे थर घोटून ही जागा शोधली, त्यांनी समीकरण न लिहिता ते सोडवलं होतं.

स्वरवेडी

भौतिकी, अप्रतिम. एक शंका. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून १२० हर्ट्झचा आवाज नीट निघत नाही म्हणतात. मग तानपुऱ्याच्या अॅपमध्ये मला खर्ज कसा ऐकू येतो?

भौतिकी

तो तुमचा मेंदू भरून काढतो. स्पीकरमधून २४०, ३६०, ४८०, ६०० हे उपस्वर व्यवस्थित बाहेर पडतात. त्यांच्यातलं अंतर १२० चं, आणि ते सगळे १२० च्याच पटी. कान-मेंदू त्यावरून मूळ स्वर १२० चा आहे असं धरतात आणि तोच आपल्याला ऐकू येतो, हवेत तो जवळजवळ नसला तरी. खर्जाचं वजन मात्र त्यात येत नाही. रियाजाला हेडफोन किंवा खरा तानपुरा बरा.

एकच कंपनसंख्या असूनही सतार, पेटी आणि गळा वेगळे ओळखू येतात तेही उपस्वरांमुळेच: कोणता किती जोरात, कोणता आधी विझतो, आघात कसा झाला.

बासरी

आमच्या वाद्याची गोष्ट राहिली. हवा तापली की तिच्यात आवाजाचा वेग वाढतो, आणि बासरीची लांबी तीच असल्याने स्वर चढतो. २० अंशांवरून ३० अंशांवर गेलो तर जवळपास ३० सेंट. तानपुऱ्याच्या धातूच्या तारा त्याच उन्हात सैलावून उतरतात. त्यामुळे मोकळ्या मंचावर मैफल असेल तर आधी वाद्यांना तिथल्या हवेत बसू द्यावं, फुंकून बासरी गरम करावी आणि मगच जुळवावं. लवकर जुळवलेलं टिकत नाही.

स्वरवेडी

जवारी यांचं वाचून ट्यूनर बंद करून गंधार लांब धरला, हळूहळू खालून वर नेला. एका जागी थरथराट थांबतो आणि आवाज अचानक मोठा झाल्यासारखा वाटतो. आता यमनच्या निषादाला हेच करायचंय. तो कशाच्या आधाराने शोधू? काहीजण यमनला तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावतात, तसं करू का?

जवारी

आधी पहिली तार पंचमालाच ठेवा. मंद्र पंचम १८० चा. त्याचा पाचवा उपस्वर ९००, म्हणजे ४५० चा दुप्पट. तुमचा निषाद त्या पंचमाच्या तारेत आहे, जसा गंधार खर्जाच्या तारेत आहे. ती एकटी तार हळू छेडत राहा आणि निषाद धरा. तो ट्यूनरच्या काट्याहून १२ सेंट खाली लागेल, घाबरू नका. तार षड्जाकडे झेपावताना तो वर सरकतो. तिथे त्याला अडवू नका, फक्त थांबायच्या जागी खाली आणा.

तो कानात बसला की मगच तार निषादाला लावून पाहा. पण एक काळजी घ्या. कंपनसंख्या सव्वापट करायला ताण सव्वाच्या वर्गाइतका, म्हणजे दीडपटीहून जास्त वाढवावा लागतो. पंचमासाठी निवडलेली जाड तार इतकी चढवली तर खुंटीवरच तुटू शकते. निषादासाठी एक नंबर बारीक तार चढवून घ्या.